मुंगारु मळे : पाऊस, प्रेम आणि लग्नघर

कन्नड सिनेमा म्हटलं की आता सगळे थेट केजीएफ आणि कांतारावर येतात, पण ज्यांना लव्हस्टोरी आवडते आणि त्यातही आईबाप, पाहुणे, लग्नाची गडबड सगळं असलेली, त्यांनी आधी मुंगारु मळे बघावा असं माझं ठाम मत आहे. २००६ च्या डिसेंबरात रिलीज झाला, दिग्दर्शक योगराज भट, हिरो गणेश, हिरॉईन पूजा गांधी. गणेश तोवर टीव्हीवरचा कॉमेडी शो करणारा मुलगा म्हणून ओळखीचा होता, या एका पिक्चरने तो स्टार झाला. बंगळुरूच्या मल्टिप्लेक्समधे हा पिक्चर वर्षभराच्या वर चालला, आणि तो का चालला असेल ते आज बघतानाही कळतं.

पुढे शेवटही सांगणार आहे, बघायचा असेल तर आधी बघून या.

स्टोरी तशी साधी. प्रीतम नावाचा बडबड्या मुलगा बंगळुरूत मॉलच्या बाहेर एका मुलीकडे बघत बघत चालतो आणि उघड्या खड्ड्यात पडतो, तीच त्याला बाहेर काढते आणि त्या भानगडीत तिचं नवं कोरं हार्टशेप घड्याळ हरवतं. मग हा आईबरोबर कोडगूला (आपलं कूर्ग), म्हणजे मडिकेरीकडे, आईच्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला जातो आणि बघतो तर नवरी तीच, नंदिनी. आता राहायचं तिच्याच घरात, तिचे वडील रिटायर्ड कर्नल सुब्बय्या, घरात लग्नाची तयारी, आणि बाहेर न थांबणारा पाऊस.

इथून पुढे पिक्चर जो पकड घेतो ना, त्याचं कारण गणेशचं बोलणं. हा माणूस गप्पच बसत नाही, आनंद झाला तरी बोलतो, घाबरला तरी बोलतो, एक ससा पकडून आणतो आणि त्याचं नाव देवदास ठेवून त्याच्याशीही बोलतो, आणि हे सगळं भटांनी असं लिहिलंय की हसता हसता कधी पोटात तुटायला लागतं ते समजत नाही. सबटायटल्समधे यातलं बरंच निसटतं, पण त्याच्या आवाजाचा चढउतार ऐका, तेवढ्यानेसुद्धा काम होतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नंदिनीच्या घरात कुणीच वाईट नाही. आपल्याकडच्या प्रेमकथांमधे बाप एकतर बंदूक घेऊन उभा नाहीतर जातीवर अडून बसलेला. इथं बाप म्हणजे अनंत नाग (हो, श्याम बेनेगलांच्या अंकुरमधला, शंकर नागचा मोठा भाऊ), आणि तो इतका प्रेमळ, मोकळा माणूस आहे की प्रेक्षक म्हणून आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं. लग्नाच्या आदल्या दिवशी प्रीतम ठरवतो की आता यांना सगळं सांगून टाकायचं, आणि त्यांच्याबरोबर सकाळी जॉगिंगला जातो. आणि हा तोंड उघडायच्या आत कर्नलच सांगतात की मी हार्ट पेशंट आहे, कधीही जाईन, पोरीचं ठरलेल्या नवऱ्याशी, गौतमशी, लग्न झालेलं बघायचं एवढीच इच्छा आहे. इतका वेळ तोंडाला कुलूप नसलेला मुलगा तिथं गप्प होतो. अनंत नाग त्या सीनमधे आवाज जराही चढवत नाहीत, रडारड नाही, आणि म्हणूनच तो सीन बसतो. रात्री हा एकटाच गाडी काढून निघून जातो, रस्त्याकडेच्या बारमधे पीत बसतो आणि पत्ता विचारत तिथं कोण येतं, तर नवरदेव! दुसऱ्या दिवशी त्याला लग्नघरी पोचवणाराही हाच.

आता खटकलेलं. नंदिनीला जोगच्या धबधब्यापाशी आपलं मन कळतं, ती सरळ म्हणते की मला इथून खाली ढकलून दे, म्हणजे पोरगी जीव द्यायला तयार आहे, आणि तरी तिच्या आयुष्याचा निर्णय शेवटी घेतला कुणी, तर प्रीतमने, बारमधे बसून, तिला एका शब्दाने न विचारता. त्याचा त्याग मोठा म्हणून आपण डोळे पुसतो, पण तिचं काय? तिला त्या लग्नात उभं राहायचंय, पुढची सगळी वर्षं काढायचीत, आणि तिच्यासाठी पिक्चरने एक धड सीन ठेवलेला नाही. हे मला खरंच लागलं. गौतम (दिगंत) चांगला मुलगा आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. शिवाय तो जॉली नावाचा व्हिलन आणि त्याच्या मारामाऱ्या नसत्या तरी चाललं असतं. आणि कोडगू कुठं, शरावती नदीवरचा जोग कुठं, मधे कित्येक तासांचा रस्ता, पण पिक्चरमधे पलीकडच्या वळणावर असल्यासारखं वाटतं. ते मी माफ केलं, कारण कॅमेरामन एस. कृष्णाने तो धबधबा आणि सकलेशपूरकडचे ओले डोंगर असे दाखवलेत की स्क्रीन पुसावीशी वाटते. पाऊस इथं नुसता गाण्यापुरता नाही, चिखल, धुकं, भिजलेले कपडे सगळं सतत अंगावर येतं.

गाण्यांबद्दल किती लिहू. संगीत मनो मूर्तींचं. सोनू निगमचं ‘अनिसुतिदे’ जयंत कायकिणींनी लिहिलंय, हे तेच कथाकार ज्यांनी मुंबईत बरीच वर्षं काढली आणि मुंबईवर इतक्या सुंदर कथा लिहिल्या. एकही शब्द न कळता हे गाणं आवडतं आणि अर्थ कळल्यावर परत पहिल्यापासून ऐकावं लागतं. टायटल साँगही सोनूचंच, ते भटांनी स्वतः लिहिलंय, आणि ते ऐकलं की प्रीतमची सगळी बडबड आठवते.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक नंदिनीसाठी कापला. घरी बघणार असाल तर आईबाबांना घेऊन बघा, लाजायला होईल असं काही नाही, आणि पिक्चर संपल्यावर प्रीतम बरोबर की चूक यावरून घरात वाद होईल तो होऊ द्या. २०१६ मधे याच नावाचा दुसरा भाग आला, दिग्दर्शक वेगळा, गोष्ट वेगळी. प्रीतम-नंदिनीचं पुढं काय झालं ते कळेल म्हणून लावू नका.