‘वॉरंटी ट्रान्सफर’च्या नावाखाली पैसेही गेले आणि लॅपटॉपही

४५६ युरो ४० सेंट गेले. त्यातले ८९ युरो ‘वॉरंटी ट्रान्सफर’चे, ३४९ मदरबोर्डच्या ‘परत मिळणाऱ्या’ डिपॉझिटचे आणि १८ युरो ४० सेंट पार्सलचे. शिवाय ७८,९९० रुपयांना घेतलेला लॅपटॉप, तो वेगळाच. हे सगळं जर्मनीत घडलं, मास्टर्सचा थीसिस तोंडावर आलेला असताना. लिहायची लाज वाटत होती म्हणून इतके दिवस गप्प होते. पण मध्यंतरी आमच्याच वसतिगृहातल्या एका मुलाने विचारलं, “वॉरंटी ट्रान्सफरला साधारण किती घेतात गं?” आणि माझं डोकंच फिरलं. म्हणजे मला लुटणाऱ्या या भामट्यांचं दुकान अजून चालूच आहे.

लॅपटॉप मी ऑगस्ट २०२४ मध्ये निघण्याआधी भारतात घेतला होता. आपल्यातले बहुतेक जण तेच करतात आणि त्यात वेडेपणा काही नाही. इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, आल्या आल्या पहिल्या दिवसापासून मशीन लागतं, आणि खर्च घरून होत असतो. दोन वर्षांची वॉरंटी होती. “बाहेर चालेल ना?” असं दुकानात स्पष्ट विचारलं होतं. “हो मॅडम, इंटरनॅशनल ब्रँड आहे,” हे उत्तर मिळालं. ब्रँड जगभर विकला जातो म्हणून वॉरंटी जगभर चालते असं नाही. एकाच कंपनीचं एक मॉडेल कुठेही दुरुस्त होतं, तर दुसऱ्याची वॉरंटी फक्त विकलेल्या देशापुरती असते. दुकानदाराला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे. तुम्ही घ्याल तेव्हा त्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या.

इथे विकत घेतला असता तर गोष्टच वेगळी होती. जर्मनीत दुकानातून घेतलेल्या नव्या वस्तूत दोष निघाला तर दोन वर्षं विक्रेता कायद्याने बांधील असतो. त्याला गेवेरलाइस्टुंग म्हणतात, आणि कंपनीच्या वॉरंटीशी त्याचा संबंध नाही. २०२२ पासून तर पहिले बारा महिने दोष मुळात नव्हता हे विक्रेत्यानेच सिद्ध करायचं असतं. भारतातून आणलेल्या मशीनला यातलं काहीच लागू नाही. आपल्या हातात उरते फक्त कंपनीची वॉरंटी, आणि ती कुठे चालेल ते कंपनी ठरवते. या फटीत हे चोर बरोबर बसलेले आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एका सकाळी लॅपटॉप चालूच होईना. चार्जिंगचा दिवा ठरावीक लयीत लुकलुकायचा, स्क्रीन काळी. फोनवर कंपनीचं नाव, ‘सर्व्हिस सेंटर’ आणि शहराचं नाव टाकून शोधलं. सर्वांत वर आलं ते उघडलं. तोच लोगो, तेच रंग, ‘अधिकृत’ असं ठळक लिहिलेलं, खाली मोठा फोन नंबर. वर बारीक अक्षरांत ‘गेस्पॉन्सर्ट’ होतं, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. खऱ्या कंपन्याही जाहिराती लावतातच, त्यामुळे त्यावरून काय कळणार?

फोन उचलणारा आधी इंग्रजीत बोलला. माझे उच्चार ऐकून लगेच, “आप इंडिया से हैं, मॅडम?” आणि पुढे सगळं हिंदीत. परक्या देशात वर्षभर तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सरकारी कामं केलेल्या माणसाला अशा वेळी किती हायसं वाटतं, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. त्याने सिरियल नंबर मागितला. मी दिला. अर्ध्या मिनिटात त्याने मॉडेलचं नाव, खरेदीचा महिना आणि वॉरंटी संपण्याची तारीख, सगळं अचूक सांगितलं.

इथेच माझा विश्वास बसला, आणि याच गोष्टीची चीड अजून जात नाही. कारण ती माहिती गुप्त नव्हतीच. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या साइटवर सिरियल नंबर टाकला की वॉरंटीची तारीख कुणालाही दिसते. त्याने फोन चालू असतानाच ती साइट उघडली, वाचून दाखवली, आणि मला वाटलं हा कंपनीच्या आतल्या सिस्टिममध्ये बघतोय. तुमच्या मशीनची माहिती बिनचूक सांगणारा माणूस कंपनीचाच असतो, हे डोक्यातून काढून टाका.

मग म्हणाला, वॉरंटी भारतात नोंदलेली आहे, ती युरोपात ट्रान्सफर करावी लागेल, ८९ युरो. पटण्यासारखंच होतं. काही कंपन्यांकडे देश बदलून घ्यायची सोय खरोखर असते. त्यासाठी अर्ज कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून होतो, खरेदीची पावती मागतात, आणि त्यासाठी तुम्हाला कुणा व्यक्तीच्या खात्यात पैसे टाकावे लागत नाहीत.

कार्डाने देते म्हटलं तर म्हणाला, वॉरंटी विभाग कार्ड घेत नाही. ट्रान्सफर करताना बँकेच्या ॲपमध्ये सूचना आली की खातेदाराचं नाव जुळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे जाण्याआधी नाव आणि आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, जुळतात का ते तपासून दाखवावं लागतं. मी थांबले. त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “नया सिस्टम है मॅडम, सबको आ रहा है, अकाउंट पेरेंट कंपनी के नाम पे है.” नियम लागू होऊन काही आठवडेच झाले होते. खरंच नवा होता, आणि घरभाडं भरताना मलाही तशीच सूचना आली होती, कारण घरमालकाच्या नावाचं स्पेलिंग मी जरा वेगळं टाकलं होतं. मग ही सूचना वेगळी आहे हे मी कशावरून ओळखायचं? आयबॅन लिथुआनियाचा होता, तोही संशयास्पद वाटला नाही. इथल्या कित्येक ऑनलाइन खात्यांचे आयबॅन तसेच असतात, मित्रमैत्रिणींचेही आहेत. पुढे ३४९ युरो त्याच खात्यात गेले. ‘वॉरंटीत पार्ट मंजूर झाला की पूर्ण परत.’ इन्स्टंट ट्रान्सफर होता. दहा सेकंदांत पैसे पलीकडे पोचतात, मग ओरडून उपयोग नसतो. क्रेडिट कार्डावर निदान तक्रार करून पैसे परत मागण्याची वाट असते. कार्ड नाकारणाऱ्याला एक सेंटही देऊ नका.

मग लॅपटॉप पार्सलने पाठवायला सांगितला. पार्सलवर पत्ता दुसऱ्या शहराचा होता आणि लॉगिनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून आत ठेवायला सांगितला होता, ‘टेस्टिंगसाठी’. दुरुस्तीला देताना पासवर्ड मागतात हे आपण सगळीकडे पाहिलेलं आहे. पण देऊ नका. हार्डवेअर तपासायला तुमच्या फाइल्स लागत नाहीत. माझ्या डिस्कवर पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, विद्यापीठाची कागदपत्रं, सगळ्याचे स्कॅन होते. आज ते कुणाकडे आहेत मला माहीत नाही, आणि ही धास्ती पैशांहून मोठी आहे.

पार्सल पोचल्यावर त्याचा मेसेज आला की पार्ट नेदरलँड्सहून येतोय, कस्टम्सचे १२९ युरो भरा. नेदरलँड्स आणि जर्मनी एकाच कस्टम्स युनियनमध्ये आहेत. त्यांच्यात कस्टम्स ड्युटी नसतेच! तेव्हा कळलं. पैसे भरले नाहीत, लॅपटॉप परत मागितला, आणि फोन लागणं बंद झालं. एका जर्मन मैत्रिणीने ती साइट बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, “इम्प्रेसुम कुठाय?” इथे धंद्याच्या साइटवर मालकाचं नाव, पत्ता, ईमेल असलेलं ते पान कायद्याने सक्तीचं आहे. त्या साइटवर नव्हतं. इथे वाढलेल्याला हे चटकन दिसतं. आपल्याला कुणी सांगितलं होतं? विद्यापीठाच्या ओरिएंटेशनमध्ये कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा हे तास तासभर शिकवतात, हे एक वाक्य कुणी सांगत नाही.

आता तक्रारीचं ऐका. बँकेत सांगितलं, तर ‘नाव जुळत नसल्याची सूचना दाखवली होती, तुम्ही पुढे जा दाबलंत, आता जबाबदारी तुमची.’ समोरच्या बँकेला पैसे परत देण्याची विनंती पाठवली, त्याचं उत्तर नकारार्थी. इन्स्टंट ट्रान्सफर सुरक्षित म्हणून जाहिराती हेच करतात! पोलिसांकडे गेले, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, हा तुमचा आणि दुकानाचा दिवाणी वाद दिसतो, वकील गाठा. दुकान अस्तित्वातच नाही, तर वाद कुणाशी? शेवटी ऑनलाइन आन्त्साइगे, म्हणजे फौजदारी तक्रार, दाखल केली. ती घेतात, घ्यावीच लागते. कुणी तोंडी परत पाठवलं तर तिथे वाद घालत बसू नका, ऑनलाइन करा. मग पत्र आलं की व्हॉट्सॲपवरचं संभाषण हिंदीत आहे, जर्मन भाषांतर जोडा. भुर्दंड बसलेल्यानेच भाषांतरही करायचं. थीसिस सोडून मी त्या भामट्याची गोड गोड वाक्यं जर्मनमध्ये उतरवत बसले. जबाबाच्या वेळी मला पुन्हा पुन्हा एकच विचारलं, “पण पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना?” फसवणूक म्हणजे तेच असतं! कुणी चाकू लावला असता तर दरोडा म्हटलं असतं.

ज्या कंपनीच्या लोगोवर विश्वास ठेवून फोन केला, तिचं उत्तर दोन ओळींचं. हे आमचं अधिकृत केंद्र नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. तुमच्या नावाने उघड लूट चाललीय, तर साइट बंद करवा म्हटलं, तर ट्रेडमार्क विभागाचा फॉर्म पाठवला. जाहिरात दाखवणाऱ्यांकडे तक्रार केली, तिथे माणूस बोलतच नाही, ठरावीक ईमेल येतो. भारतातल्या एका हेल्पलाइनने ‘व्यवहार परदेशातला आहे’ म्हणून हात झटकले, आणि इथले म्हणतात आरोपी परदेशात असावा. मी मधल्या मध्ये! सगळे नियम, सगळी पत्रं, सगळ्या मुदती माझ्यासाठी. भाडं एक दिवस उशिरा गेलं तर स्मरणपत्र येतं, पण चारशे अडतीस युरो घेऊन एक माणूस नाहीसा होतो तर त्याला शोधायची कुणाला घाई नाही.

पार्सलच्या पत्त्याचा तपास झाला एवढं खरं. तिथे राहणाऱ्या माणसाला ‘घरबसल्या नोकरी’ म्हणून पार्सलं घेऊन पुढे पाठवायला ठेवलं होतं. इथे अशांना वारेनागेंट म्हणतात. माझा लॅपटॉप त्याने पुढे रवाना केला होता, आणि त्यालाही पगार मिळाला नव्हता. आपल्या विद्यार्थ्यांनो, ही नोकरी चुकूनही धरू नका. चोरीचा माल हाताळल्याचा किंवा मनी लाँडरिंगचा तपास तुमच्यामागे लागेल आणि व्हिसाच्या कागदात तो कुठे ना कुठे वर येईल.

यंदा सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र आलं. आरोपीची ओळख पटली नाही म्हणून प्रकरण थांबवलंय, नवीन धागा मिळाला तर पुन्हा उघडता येईल. म्हणून एक विनंती. भारतातून आणलेल्या लॅपटॉपसाठी कुणी हिंदीत बोलून ‘वॉरंटी ट्रान्सफर’चे ८९ युरो घेतले असतील, तर रक्कम छोटी म्हणून सोडू नका. ट्रान्सफरची पावती, पलीकडचा आयबॅन, पार्सलचा ट्रॅकिंग नंबर आणि साइटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, आपल्या राज्याच्या पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवर आन्त्साइगे करा आणि मिळालेला आक्टेनत्साइखन, म्हणजे प्रकरण क्रमांक, मला कळवा. तोच आयबॅन दुसऱ्या तक्रारीत निघाला, तर मी माझ्या प्रकरणात जोडून ते पुन्हा उघडायला लावणार आहे. पत्राचा मसुदा जर्मनमध्ये तयार आहे.