गाडीतच हवेची सोय : पिशवीतला कॉम्प्रेसर की कायमचा बसवलेला?

थार, जिम्नी, गुरखा, जी असेल ती फोर-बाय-फोर गाडी घेऊन वाळू-चिखलाच्या कच्च्या वाटांवरचे दोन-चार ट्रेल झाले की हा प्रश्न पडतोच. टायरमधली हवा ३० पीएसआयवरून १६ वर आणली की तीच गाडी वाळूत किती अलगद चालते, हे एकदा पाहिलं की हवा सोडा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. प्रश्न ती परत भरण्याचा असतो. मी तीन वर्षं पिशवीतला कॉम्प्रेसर वापरला आणि गेली दोन वर्षं बॉनेटखाली कायमचा बसवलेला वापरतोय. गाडी तीच, डिझेल थार. टायर २४५/७५ आर १६.

लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप इथे धरलेले नाहीत. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण दहा-पंधरा अँपिअरचा असतो, त्यातून मोठ्या टायरला पुरेल एवढी ताकद मिळत नाही. पिशवीतला म्हणजे थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा, तीस अँपिअरच्या आसपास वीज ओढणारा.

आधी पिशवीतल्याची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. स्वस्त पडतो. एका गाडीतून दुसरीत जातो. गाडी विकली तरी आपल्याकडेच राहतो. वायरिंगला हात लावायचा नाही, त्यामुळे वॉरंटीची चिंता नाही. आणि वेग म्हणाल, तर त्याच किमतीतला बसवायचा सिंगल मोटरचा कॉम्प्रेसर मला तरी याच्यापेक्षा फार वेगवान वाटला नाही. मिनिटांचा हिशेब करून निर्णय घेणार असाल, तर पिशवीतलाच घ्या.

माझा निर्णय मिनिटांवर झाला नाही. तो झाला मांडामांड आणि आवराआवर यांवर.

जैसलमेरजवळ समच्या वाळूत दिवसभर गाडी फिरवली. परतायला संध्याकाळ झाली. कॉम्प्रेसरची पिशवी डिकीत सगळ्यात खाली, तिच्यावर पाण्याचे कॅन, तंबू, कपड्यांच्या बॅगा. ते सगळं वाळूवर उतरवलं. बॉनेट उघडला, चिमटे लावले, इंजिन चालू ठेवलं. केबल आखूड, म्हणून खाली रबरी मॅट टाकून यंत्र पुढच्या चाकाशी ठेवलं. पुढची दोन चाकं झाली. मागच्या चाकापर्यंत मात्र स्प्रिंगसारखा गुंडाळलेला होज ताणून धरावा लागे. हात जरा सैल पडला की त्याचं तोंड व्हॉल्व्हवर तिरकं होऊन भरलेली हवा फुस्सकन बाहेर. तिसरं चाक भरता भरता मोटर तापली आणि थर्मल कटऑफने यंत्र आपोआप बंद पडलं. आता गार होईपर्यंत थांबायचं. अंधार पडलेला, मुलगी मागे पेंगायला लागलेली, सोबतच्या दोन गाड्या पुढे गेलेल्या. एका मागच्या चाकात वीस होते, दुसऱ्यात सोळाच. जैसलमेर चाळीसेक किलोमीटर, रस्ता डांबरी. हळू जाऊ, असं ठरवून निघालो. रस्ता मोकळा मिळाला आणि काटा कधी सत्तरवर गेला ते कळलं नाही.

सकाळी ते सोळावालं चाक बसलेलं होतं. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवून आत हात फिरवला आणि तळवा माझ्यापुढे धरला. त्यावर काळी पूड होती, बारीक वाटलेल्या मिरीसारखी. टायरची बाजूची भिंत आतून स्वतःवरच घासली जाऊन झिजली होती. बाहेरून गोल वळ उठलेला. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

कॉम्प्रेसरचा यात दोष नव्हता. चूक माझीच होती, हे मान्य. पण दमलेल्या माणसाने टाळावं इतका त्या कामाचा पसारा होता. त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर मी हवा सोडणंच टाळायला लागलो. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात दगड-चिखलाचा कच्चा रस्ता लागला की मनात यायचं, एवढ्या चार किलोमीटरसाठी कुठे पिशवी काढता? मग पूर्ण हवेवर आपटत जायचं. हवा सोडायची कशासाठी, तर गाडीला आणि पाठीला आराम म्हणून. तोच आराम मी कंटाळ्यापायी सोडून देत होतो.

आता काय होतं ते सांगतो. कॉम्प्रेसर बॅटरीशेजारच्या ब्रॅकेटवर कायमचा आहे. डॅशबोर्डवर स्विच. एक कपलर, म्हणजे होज जोडायचं तोंड, पुढे ग्रिलच्या कडेला, एक मागच्या बंपरखाली. पाच मीटरचा साधा होज सीटमागे अडकवलेला. गाडी थांबवायची, इंजिन चालू ठेवून स्विच दाबायचा, होज खटकन बसवायचा. सामान जागचं हलत नाही, बॉनेट उघडावा लागत नाही, यंत्रात वाळू जात नाही. शेवटी गरम यंत्र पिशवीत कोंबण्यासाठी ताटकळावंही लागत नाही. चार चाकांना लागणारा वेळ पूर्वीइतकाच असेल, कदाचित थोडा जास्तही. पण दोन वर्षांत एकदाही हवा न भरता डांबरावर आलेलो नाही.

यालाही खोड आहे. बॉनेटखाली आधीच उष्णता. एप्रिलच्या दुपारी लो-रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या जास्त ताकदीच्या, सावकाश गिअरमध्ये) तासभर चढ चढून आल्यावर लगेच स्विच दाबला, तर कटऑफ इथेही पडतो. मी आधी दहा मिनिटं इंजिन निवू देतो. काही जण सीटखाली बसवतात, तिथे यंत्र गार राहतं पण आवाज कानाशी येतो. पाण्याचंही बघा. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे, तेव्हा हवा ओढणारा छोटा फिल्टर यंत्राजवळ न ठेवता नळी लावून इंजिनच्या एअर फिल्टरच्या उंचीला नेलेला बरा.

कॉम्प्रेसरसोबत दाबलेली हवा साठवणारी टाकी हवी का, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. माझा हिशेब असा. माझ्या टायरच्या पोटात ढोबळ मानाने साठ लिटर जागा धरली, तर १६ वरून ३० वर जायला साधारण एक वातावरणाचा दाब वाढवायचा, म्हणजे बाहेरची साठेक लिटर मोकळी हवा लागणार. चार चाकांना सव्वादोनशे-अडीचशे लिटर. चार लिटरची टाकी १५० पीएसआयपर्यंत भरली, तरी ती ३० वर उतरेपर्यंत देते जेमतेम तेहतीस लिटर. एक चाकसुद्धा पुरं होत नाही. बाकीचं सगळं कॉम्प्रेसरलाच करायचं. टाकीचं खरं काम वेगळं आहे. रिमवरून निसटलेल्या टायरचं बीड (रिमला घट्ट बसणारी कड) परत बसवायला एकदम लोंढा लागतो, तो टाकीच देते. एअर फिल्टरमधली धूळ उडवायला हवेची गन चालवायची असेल, तरी तिचा उपयोग. नुसती चाकं भरायची असतील, तर टाकीचे पैसे चांगल्या होजवर आणि गेजवर खर्च करावेत, असं माझं मत. घेतलीच तर अॅल्युमिनियमची घ्या आणि पाणी काढायचा कॉक सर्वात खालच्या बाजूला येऊ द्या. कोकणातल्या दमट हवेत टाकीच्या तळाशी पाणी साचतंच, आणि लोखंडी टाकीला आतून गंज चढतो.

जुन्या जीपवाल्यांचा एसीचा कॉम्प्रेसर हवेसाठी वापरण्याचा प्रकार मी पाहिलाय, हवा धो धो येते. पण त्या कॉम्प्रेसरचं वंगण एसीच्या गॅसबरोबर फिरून परत येतं. हवा भरताना ते परत येत नाही, म्हणून तेल घालायची आणि हवेतून तेल गाळायची वेगळी व्यवस्था करावी लागते. शिवाय त्या कॉम्प्रेसरवर मग एसी चालत नाही, आणि घरच्यांसोबत उन्हाळ्यात फिरणारा माणूस एसी सोडून देणार नाही. कार्बन डायऑक्साइडचं सिलेंडर सगळ्यात वेगवान, फक्त ते संपलं की आडगावात भरून मिळत नाही.

बसवायचं ठरवलंत, तर एका गोष्टीने माझा पूर्ण रविवार घेतला, ती आधीच सांगतो. बाहेरून आलेल्या कॉम्प्रेसरचे आटे बहुतेक वेळा एनपीटी (अमेरिकी मापाचे) असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात पाव इंचाचा निपल (जोडणीचा छोटा तुकडा) मागितला की बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचा मिळतो. एकात इंचाला अठरा आटे, दुसऱ्यात एकोणीस. दोन-तीन फेरे सुरळीत बसतात, मग घट्ट होतं, आपल्याला वाटतं झालं काम. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे. मी तीन वेळा टेफलॉन टेप गुंडाळून बघितला, व्यर्थ. आटे मोजून घ्या. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा चांगलीच गरम असते, तेव्हा पहिला होज जाळीचं आवरण असलेला, उष्णता सोसणारा हवा. साधी पीयू (प्लास्टिकची) नळी तिथे मऊ पडते. फ्यूज बॅटरीला लागून, आणि वीज रिलेमधून (छोट्या स्विचवर मोठी वीज चालू-बंद करणारा भाग) थेट बॅटरीवरून.

लडाखला जाणार असाल, तर दोन्हींकडून अपेक्षा कमी ठेवा. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. कॉम्प्रेसर कोणताही असो, वेळ दुप्पट धरा आणि दोन चाकांनंतर त्याला विश्रांती द्या.

वर्षातून एखादीच वाळूची सहल होत असेल, किंवा दोन वर्षांत गाडी बदलायचा विचार असेल, तर पिशवीतला घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त पिशवी सामानाच्या वर ठेवा, खाली नाही. महिन्या-दोन महिन्यांतून कच्च्या रस्त्याला लागत असाल, तर मात्र मी बसवलेल्याच्या बाजूने बोलेन. माझा जुना पिशवीतला अजून ठणठणीत आहे, धाकटा भाऊ त्याच्या जिम्नीत वापरतो. मागच्या ट्रेलनंतर त्याने बॅगा परत भरता भरता विचारलं, "दादा, बंपरखालच्या त्या कपलरला किती खर्च आला होता?"