जुनी विलायती सायकल: रंग जपायचा की नव्याने चढवायचा?

पन्नास-साठच्या दशकातली रॅले, हंबर किंवा बीएसए हाती लागली की बहुतेकांचा पहिला फोन रंगाऱ्याला जातो. फ्रेम सोलून काढायची, काळा कुळकुळीत रंग चढवायचा, हँडल आणि रिमा क्रोम करून आणायच्या, असा बेत डोक्यात पक्का झालेला असतो. माझं मत याच्या उलट आहे. रंगाचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यावा आणि मूळ रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर त्याला हात लावू नये. अर्थात हे सगळ्याच सायकलींना सरसकट लागू होत नाही, म्हणून पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू.

पर्याय तीन. पहिला म्हणजे जपणूक: रंग, ट्रान्सफर (फ्रेमवर चिकटवलेली नावं आणि चिन्हं), क्रोम आहे तसं ठेवायचं, फक्त स्वच्छ करायचं आणि फिरणारा प्रत्येक भाग नीट करायचा. दुसरा म्हणजे पूर्ण नूतनीकरण: फ्रेम उघडी करून पुन्हा रंगवायची, क्रोम नवं करायचं, ट्रान्सफर नवे लावायचे. तिसरा, सायकल रोज चालवायची म्हणून काही भाग आजच्या काळातले बसवायचे. पहिला आणि तिसरा एकत्र जमू शकतो. दुसरा मात्र एकदा केला की मागे फिरता येत नाही.

आधी फ्रेम तपासा

कुठलाही पर्याय निवडा, सुरुवात इथूनच. हेडच्या (हँडल ज्यात बसतं त्या पुढच्या पाइपच्या) मागे जो खालचा तिरका पाइप असतो, त्याच्या खालच्या अंगावरून लगपासून (जोडावरच्या पोलादी बाहीपासून) दोन-तीन इंच बोट फिरवा. तिथे बारीक उंचवटा किंवा रंगाला आडवी सुरकुती लागली, तर सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे. चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पात्यांचा भाग) बाजूने बघा. हेडची रेषा सरळ खाली आणली तर ती चिमट्याच्या पात्यांतून, वळण सुरू होईपर्यंत, एकसंध जायला हवी. मग एक लांब दोरा घ्या. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचेला) बांधा, हेडला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा आणि सीटच्या पाइपपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. अंतर सारखं आलं की पुढचा खर्च करायला हरकत नाही.

सीटची दांडी निघते का, हेही आत्ताच बघा. वर्षानुवर्षं न हललेली दांडी गंजून पाइपला धरते. गंज सोडवणारं तेल घालून चार दिवस थांबा, पुन्हा घाला. दांडी निघणार नसेल आणि सीटची उंची तुम्हाला जुळत नसेल, तर ती सायकल तुमच्यासाठी नाही. रंगावर पैसे गेल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

मूळ रंगात काय काय असतं

लगवाली फ्रेम म्हणजे पोलादी पाइप पोलादाच्याच कोरीव बाह्यांमध्ये घालून वितळलेल्या पितळेने किंवा चांदीच्या मिश्रधातूने जोडलेली फ्रेम. या बाह्यांच्या कडा कारागीर कानशीने घासून पातळ करत. रोजच्या वापराच्या सायकलींवर त्या साध्या असत. लंडनच्या टॉटनहॅममध्ये बनणाऱ्या हेचिन्सवर त्यांच्या वेलबुट्ट्या होत. नॉटिंगहॅमच्या रॅलेवर भट्टीत भाजलेला काळा नाहीतर काळपट हिरवा एनॅमल असे, मडगार्डवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा, हेडवर बगळ्याचा बिल्ला आणि चेनव्हीलमध्येही (पॅडलजवळच्या दातेरी चाकातही) बगळेच कापलेले. रज कंपनीच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा दिसतो, बीएसएमध्ये ती तीन अक्षरं.

आता यातलं काय परत मिळतं ते बघा. काळा रंग मिळतो. ट्रान्सफर ब्रिटनमध्ये पुन्हा छापले जातात. १९५५ साली स्थापन झालेल्या व्हेटरन-सायकल क्लबसारख्या संस्थांमुळे जुन्या कंपन्यांची माहितीही शाबूत राहिली आहे. पण हाताने ओढलेली रेषा आणि सत्तर वर्षांत मऊ पडलेली एनॅमलची चमक पुन्हा मिळत नाही. बारकाईने बघणाऱ्याला नवी रेषा लगेच ओळखू येते. अर्धपारदर्शक ‘फ्लँबॉयंट’ रंगांचं तर आणखी अवघड. चंदेरी थरावर रंगीत पारदर्शक थर देऊन ते केलेले असतात आणि उन्हाने उडालेली ती छटा जुळवणं चांगल्या रंगाऱ्यालाही जड जातं.

जपणुकीचं काम कंटाळवाणं आहे, पण स्वस्त आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, सुती फडकं. लगच्या कडांमधली काळी घाण लाकडी टूथपिकने काढा, लोखंडी टोकाने नको. ट्रान्सफर आणि सोनेरी रेषांवर पॉलिश किंवा स्पिरिट अजिबात चालवू नका, सोनेरी रंग फडक्यावर येतो. क्रोमवरचा वरवरचा गंज चुरगळलेली ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासली की निघतो. फार गंजलेले नट, बोल्ट, मडगार्डच्या सळ्या काही तास ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात ठेवा. ते विषारी असतं, त्यामुळे हातमोजे घाला, जागा हवेशीर असू द्या, मुलंबाळं आसपास नकोत आणि नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन घ्या. ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकायचा नाही. रंग उडून उघड्या पडलेल्या जागांवर मेणाचा हात पुरतो. फ्रेमच्या आत उकळलेलं अळशीचं तेल फिरवून निथळू दिलं की आतल्या गंजाला आळा बसतो. सायकल कोकणात किंवा मुंबईत राहणार असेल तर हे चुकवूच नका.

पूर्ण नूतनीकरण कुठे योग्य

रंग जवळपास संपलेला आहे, पाइपावर गंजाचे खड्डे आहेत किंवा कुणीतरी आधीच ब्रशने ऑइलपेंट मारून मूळचं सगळं घालवलं आहे, अशा वेळी संकोच न करता रंगवा. पण कसं रंगवायचं, इथे फरक पडतो. पावडर कोटिंग टिकाऊ आणि स्वस्त. त्याची भट्टी साधारण दोनशे अंशांपर्यंत तापते आणि पितळी जोड नऊशेच्या आसपास सुटतो, तेव्हा उष्णतेची भीती नको. अडचण थराच्या जाडीची आहे. कारागिराने घासून पातळ केलेल्या लगच्या कडा त्याखाली बुजतात आणि फ्रेम एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसते. साध्या रोडस्टरला (रोजच्या वापराच्या जड सायकलीला) ते खपून जाईल. लग बघण्यासारखे असतील तर पातळ थराचा ओला रंगच घ्या.

रंग काढताना जाड वाळूचा मारा करू देऊ नका. रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या पोलादाचे पाइप टोकांना जाड आणि मधे एक मिलिमीटरहून पातळ असतात. तिथे रासायनिक पद्धत किंवा अगदी बारीक मारा हवा. बी.बी.चे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा अ‍ॅक्सल फिरतो त्या जागेचे) आटे, हेडच्या वाट्यांच्या जागा, सीटच्या पाइपचं तोंड, हे सगळं रंगाऱ्याने झाकायला हवं. बिल्ला आधी काढून ठेवा.

क्रोमचा खर्च लोक कमी धरतात. हँडल, क्रँक, दोन रिमा, ब्रेकच्या दांड्या, सीटखालची क्लिप, बारीकसारीक नट: सगळं धरलं तर क्रोमचं बिल रंगाच्या वर जाऊ शकतं. रॅले स्पोर्ट्ससारख्या लाखोंनी बनलेल्या सायकलीवर एवढा खर्च केला तर विकताना तो परत येत नाही. आजोबांची सायकल म्हणून करत असाल तर हा हिशेब मांडूच नका. पण मग आजोबांचा हात लागलेला रंग काढावा का, याचा विचार मात्र करा.

हलक्या क्लब सायकलींचं गणित वेगळं

क्लॉड बटलर, होल्ड्सवर्थ, कार्लटन, मर्सियन, हेचिन्स या सायकली रविवारी शंभर-दीडशे किलोमीटर मारणाऱ्या क्लबवाल्यांसाठी बनत. ५३१चे पाइप १९३५ साली आले आणि पुढे कित्येक दशकं चांगल्या इंग्लिश फ्रेमची ओळख तेच राहिले. या लोकांमध्ये काही वर्षांनी फ्रेम कारखान्यात पाठवून पुन्हा रंगवून घेण्याची पद्धत होती. डर्बीची मर्सियन किंवा लीड्सची बॉब जॅक्सन यांच्या कामाचा तो नेहमीचा भाग. त्यामुळे इथे पुन्हा रंगवणं हे त्या परंपरेला धरूनच आहे. अशा फ्रेमवर पुढे कोणत्या काळात कोणता भाग चढला याचाही मेळ नसतो, कारण मालक सुटे भाग सतत बदलत. म्हणून अशी फ्रेम खराब रंगात मिळाली तर मी ती निःशंक रंगवून घेईन. रोडस्टर आणि स्पोर्ट्सच्या बाबतीत तसं म्हणणार नाही.

पैसे खरे कुठे घालावेत

कॉटर (क्रँक अ‍ॅक्सलला धरून ठेवणारी पिन), हब (चाकाचा मधला भाग) आणि चाकं. सायकल चालवताना या तीन गोष्टी कळतात, रंग कळत नाही.

कॉटर काढताना घाईने हातोडा मारला की आटे चेपतात आणि मग पिन ड्रिल करून काढावी लागते. नट पिनच्या टोकाशी सपाट येईपर्यंतच सैल करा. क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवा, म्हणजे घाव छर्ऱ्यांवर जाणार नाही. मग एकच जोरकस ठोका. त्यापेक्षा दाबून काढणारं प्रेससारखं हत्यार मिळालं तर सोनं. नव्या पिना रॅलेसाठी बहुधा साडेनऊ मिलिमीटरच्या लागतात. दोन्हींचा उतार कानशीने अगदी सारखा घासा, नाहीतर दोन पॅडल एका रेषेत येत नाहीत. थोडी रपेट झाल्यावर नट पुन्हा आवळा.

स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब सहसा बिघडलेला नसतो, आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं. कवचावरच्या टोपीतून पातळ खनिज तेल सोडा, चाक फिरवा, रात्रभर ठेवा, पुन्हा सोडा. दुसरा गिअर टाकून उजव्या नटच्या खिडकीतून बघा: आतल्या कांडीचा खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी बरोबर जुळला पाहिजे. तो जुळला नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधल्या रिकाम्या जागेत पाय अचानक सुटतो, आणि उभं राहून पॅडल मारणारा पडतो. हबच्या कवचावर बनल्याचं साल ठोकलेलं असतं. चाक बदललेलं नसेल तर सायकलीचं वयही त्यावरून कळतं.

चालवण्यासाठी एकच बदल करायचा तर मागचा दाता (मागचं दातेरी चक्र) बदला. स्पोर्ट्सला पुढे ४६ आणि मागे १८ दाते असत. मागे २२ घातले की चढावर जीव राहतो, खर्च किरकोळ आणि हवं तेव्हा मूळचा परत बसतो. दुसरा बदल ब्रेकचा. पोलादी क्रोमच्या रिमा पावसात जवळजवळ थांबतच नाहीत. रोज रस्त्यावर जाणार असाल तर अलॉय रिमा भरून घ्या. इथे एक अडचण येते: जुन्या इंग्लिश चाकांत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत, आणि आज ४० भोकांची रिम सहज मिळत नाही. बदललेला प्रत्येक भाग खोक्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवा. फ्रेमला भोक पाडणं, नवीन कान (भाग अडकवायचे छोटे तुकडे) ब्रेझ करणं, मागचे स्टे (मागचं चाक धरणारे पाइप) रुंद करण्यासाठी वाकवणं, हे मी करणार नाही.

सत्तावीस इंची चाकांच्या सायकलीला ७००सी (किंचित लहान, आजच्या मापाची चाकं) बसवायचा विचार असेल तर ब्रेक चार मिलिमीटर खाली पोचतो का ते आधी मोजा. रॅलेच्या बी.बी.ला इंचाला २६ आटे असतात, बाकी बहुतेक इंग्लिश सायकलींना २४. दुकानदार ‘बसेल’ म्हणाला तरी जोर लावून फिरवू नका.

भारतात असाल तर

दांडीब्रेकचा अठ्ठावीस इंची रोडस्टर जपणं आपल्याकडे ब्रिटनपेक्षा सोपं आहे. २८ × १½ टायर, ब्रेकच्या दांड्या, गट्टू, चेनकव्हर अजूनही साध्या दुकानात मिळतात, कारण ती सायकल आपल्याकडे बनत राहिली. तिकडचे हौशी लोक भारतीय टायरच शोधत असतात. पण नवा भाग जुन्यावर चढवण्याआधी माप घ्या. स्पोर्ट्सच्या २६ × १⅜ टायरबाबत तर फक्त लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका, टायरच्या बाजूला ३७-५९० छापलेलं हवं.

सायकल खरोखर इंग्लंडची आहे का, हेही बघा. मद्रासची टीआय आणि आसनसोलची सेन-रॅले या कंपन्यांच्या सायकलींवर हर्क्युलिस आणि रॅले हीच नावं असत. त्या कमी प्रतीच्या नाहीत, फक्त त्यांना नॉटिंगहॅमचे ट्रान्सफर लावू नका. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स हे संग्रहालय आहे. तिथे जुन्या विलायती सायकली जवळून बघता येतात, आणि आपल्या सायकलीशी ताडून बघायला त्याचा उपयोग होतो.

सगळा रंग आधीच कुणीतरी बदललेला असेल आणि तुम्ही रंगवायचंच ठरवलं असेल, तर मूळ छटा शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: हेडच्या बिल्ल्याखाली, चेनकव्हरच्या पट्टीखाली, सीटच्या क्लिपखाली, पंपाच्या खुंटीभोवती. बिल्ला काढल्यावर मिळालेल्या त्या नखाएवढ्या तुकड्याचा दिवसाच्या उजेडात फोटो घ्या आणि फ्रेमच रंगाऱ्याकडे घेऊन जा. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग मिसळू देऊ नका.