फुकटात मिळालेलं ऑफिस सॉफ्टवेअर: शहाद्याहून, नऊ महिने वापरल्यावर

मागच्या जूनमध्ये, पेरण्यांच्या धामधुमीत, आमच्या संस्थेने ईमेल, फाइली आणि मीटिंगा एका जागी आणायचं ठरवलं. आता होळी होऊन गेली. सुरुवातीला मी स्वतः असा कुणाचा तरी अनुभव मराठीत शोधत होते आणि सापडायची ती निव्वळ जाहिरात. म्हणून हे लिहिते आहे.

आधी आम्ही कोण ते सांगते, म्हणजे तुमच्या संस्थेशी ताडून बघता येईल. कार्यालय नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात, काम धडगाव-मोलगीकडे आणि थोडं शिरपूर तालुक्यात. बचत गट, कुपोषण, आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या पोरांचं शिक्षण. पगारी माणसं सतरा. पाच जण कार्यालयात बसतात, बारा जण सातपुड्यात फिरतात. मी हिशोब बघते आणि 'बाकीचं सगळं' बघते. संगणक चार; त्यातले दोन असे की बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन होईस्तोवर पडदा उजळतो. चारही संगणकांवर जे मायक्रोसॉफ्ट ऑफिस होतं ते दुकानदाराने 'टाकून दिलेलं', बिनलायसन्सचं. एका सीएसआरवाल्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक निधीतून मदत देणाऱ्या, साहेबांनी भेटीत सहज विचारलं, लायसन्सचं बिल आहे का? आमचे अध्यक्ष आबा माझ्याकडे बघायला लागले आणि मी पंख्याकडे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आणि ऑफिस २०१६, २०१९ चा सपोर्ट संपणार होता. म्हणजे हात घालायचाच होता.

पर्याय खरं तर दोनच होते. गूगलची संस्थांसाठीची मूळ योजना पूर्ण फुकट: आपल्या डोमेनवर (संस्थेच्या नावाच्या इंटरनेट पत्त्यावर) ईमेल, फाइली ठेवायला ड्राइव्ह, लिहायला डॉक्स, शंभर माणसांपर्यंतच्या व्हिडिओ मीटिंगसाठी मीट, आणि सगळ्या संस्थेत मिळून १०० टीबी जागा. मायक्रोसॉफ्टकडे बिझनेस बेसिक ३०० जणांपर्यंत फुकट, पण त्यात वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालतात, संगणकावर उतरवता येत नाहीत. उतरवायचे असतील तर वरची योजना घ्यायची. तिच्यावर ७५ टक्क्यांपर्यंत सवलत असते. इंटरनेटवर जुने लेख वाचून आमचे खजिनदार नाना आनंदले होते की बिझनेस प्रीमियमची दहा लायसन्सं फुकट मिळतात. मिळायची, पण ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. तुम्हीही जुन्या लेखावर विसंबू नका. अर्ज करता त्या दिवशीच्या अटी कंपनीच्या पानावर वाचा.

नानांचं म्हणणं, एक्सेल नसेल तर मी हिशोबाला हात लावणार नाही. आबांचं म्हणणं, जे फुकट ते घ्या. मी म्हटलं, दोघंही शहाद्यात बसून ठरवताय, मोलगीला कोण विचारणार? मग दोन्हींची अ‍ॅपं घेऊन आम्ही फील्डवरच्या तिघांकडे गेलो आणि एकच काम दिलं: हजेरीचा तक्ता भरा, चार फोटो टाका. शिंदखेड्याकडचा आमचा एक कार्यकर्ता फोन पुढे करून म्हणाला, "ताई, मना फोनमा जागाच नही शे. तुमनं ड्राइव्ह कोठे ठेवू?" बत्तीस जीबीचा फोन, निम्मा लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला. त्याच्या अँड्रॉइडवर गूगलचं एक खातं आणि ड्राइव्ह आधीपासून होतंच, त्यात दुसरं खातं जोडायला दोन मिनिटं लागली. नवं अ‍ॅप उतरवायला मात्र आधी लग्न पुसावं लागलं असतं. निर्णय तिथेच झाला: गूगल. दोन्ही सॉफ्टवेअरांत चांगलं-वाईट असं काही नव्हतं. ज्याच्याकडे सगळ्यात गरीब फोन आणि सगळ्यात वाईट रेंज, त्याच्या हिशोबाने आम्ही निवडलं. नऊ महिन्यांनंतरही मला हीच रीत बरोबर वाटते.

आता फुकट योजनेच्या अर्जाची कागदपत्रं. इथे आमचे पाच आठवडे गेले आणि दोष सगळा आमचाच. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणी दाखल्यावर नाव मराठीत, पॅनवर त्याच नावाचं एक इंग्रजी स्पेलिंग, एनजीओ दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलवर दुसरं, बँकेत तिसरं. 'प्रतिष्ठान'मधल्या 'ठ'ने असा छळ मांडला की विचारू नका. पडताळणीवाल्यांनी अर्ज दोनदा परत पाठवला. शेवटी दर्पणवरची नोंद पॅनप्रमाणे दुरुस्त केली, दाखल्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडलं, तेव्हा सुटलो. त्यामुळे अर्ज करायच्या आधी दाखला, पॅन, आणि आयकर सवलतीचे १२ए व ८०जी दाखले ही चारही कागदं टेबलावर एकाशेजारी एक मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. आणखी एक: खान्देशात कितीतरी मंडळं शाळा, आश्रमशाळा, दवाखाने चालवतात. गूगलच्या या योजनेत शाळा आणि दवाखाने बसत नाहीत. शाळांसाठी त्यांची शिक्षणाची योजना वेगळी आहे, तिकडे जा. इकडे अर्ज करून महिना घालवू नका.

डोमेनची कथा तर ऐकाच. आमच्या नावाचं डोमेन सात-आठ वर्षांपूर्वी एका उत्साही स्वयंसेवकाने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डावर घेतलं होतं. पोरगा भला, दर वर्षी गुपचूप पैसे भरत होता. पण तो पुण्याला गेला, नंबर बदलला, जुना ईमेल त्यालाच उघडेना. तीन आठवडे त्याच्या मामाकडून निरोप पोचवत होतो. हातात आलं एकदाचं, तर माझ्या भाच्याने सोमवारी सकाळी अकरा वाजता एमएक्स रेकॉर्ड बदलला. म्हणजे येणारं टपाल कोणत्या पोस्टात उतरायचं तो पत्ता. नवी खाती अजून उघडायची होती. दिवसभर आलेली पत्रं पाठवणाऱ्यांना परत गेली आणि त्यात एक अनुदानाच्या हप्त्याबद्दलचं होतं. खाती आधी, रेकॉर्ड नंतर, आणि तेही शनिवारी रात्री. एसपीएफ आणि डीकेआयएम नावाच्या दोन नोंदीही, पत्र खरंच आपल्याकडूनच गेलं हे पटवणाऱ्या, मागोमाग करून टाका. आम्ही राहू दिल्या आणि महिनाभर देणगीदारांना धाडलेल्या पावत्या त्यांच्या स्पॅममध्ये पडून होत्या. लोकांना वाटलं, संस्थेने पैसे घेतले आणि पावती द्यायला विसरली.

सगळ्यात मोठा फायदा कुठे झाला विचाराल तर मालकीत. आधी प्रत्येकाचं काम त्याच्या खासगी जीमेलवर. माणूस नोकरी सोडून गेला की पाच वर्षांचे फोटो, गावांच्या याद्या, बैठकांचे वृत्तांत त्याच्याबरोबर गेले. कुणी मुद्दाम नेलं नाही; मागायला लाज वाटायची आणि द्यायला त्याला आठवण राहायची नाही. नव्या व्यवस्थेत शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवलेली फाइल संस्थेची असते, ठेवणाऱ्याची नव्हे. हा फरक आम्हालाही उशिरा कळला. पहिले तीन महिने सगळे आपापल्या खात्याच्या 'माय ड्राइव्ह'मध्येच टाकत होते. एक ताई सोडून गेल्या, मी त्यांचं खातं लगेच पुसून टाकलं आणि त्यासोबत त्यांच्या फाइलीही गेल्या. पुसलेलं खातं वीस दिवसांत परत आणता येतं हे एकोणिसाव्या दिवशी वाचलं. त्या रात्री मला झोप नव्हती.

लिंकांचाही हिशोब घ्या. 'ज्याच्याकडे लिंक असेल त्याला दिसेल' अशी सेटिंग केलेल्या आमच्या चाळीसेक फाइली निघाल्या. त्यातल्या काहींत कुपोषित बालकांची नावं, वजनं, फोटो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती मागतो, आणि कायदा नसता तरी ते बरं दिसत नव्हतंच.

जुन्या मराठी फाइली ही वेगळीच डोकेदुखी. २०१७ पर्यंतचं आमचं सगळं टायपिंग युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या) आधीच्या, छपाईवाल्यांच्या डीटीपी फॉन्टात. डॉक्समध्ये उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार जागा सोडतो, 'वर्ष'चं 'वषर्' होतं, 'दुसऱ्या'ची तर पार वाट लागते. दर पान डोळ्यांखालून घालावं लागतं. आम्ही तीनशे पानं केली आणि दम लागला. पण जेवढं झालं त्याचं सुख सांगते: परवा 'आमचूर' शोधलं आणि धडगावच्या बायकांसाठी २०१४ मध्ये केलेला प्रस्ताव दोन सेकंदांत समोर आला. तो मी चार वर्षं कपाटात शोधत होते. तक्त्यांत मात्र एक शिस्त लावा. एकाच रकान्यात कुणी मराठी आकडे लिहितं, कुणी इंग्रजी, आणि बेरीज भलतीच येते. आमच्याकडे आता आकडे इंग्रजी, नावं मराठी. बोलून टाइप करायची सोय मराठीत छान चालते. आहिराणीत बोललं की ते बिचारं जे ऐकू येईल ते लिहितं, आणि वाचून सगळ्या कार्यालयाची करमणूक होते.

पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणाऱ्या दोन पायऱ्यांच्या लॉगिनने फील्डवाल्यांना रडवलं. कोड एसएमएसवर येणार, आणि रेंज मिळणार डोंगराच्या त्या एका खडकावर. वर निम्म्या जणांची सिमं दर सहा महिन्यांनी बदलतात. उपाय साधा निघाला: प्रत्येकाच्या खात्यातून एसएमएसऐवजी चालणारे बॅकअप कोड काढले, एका वेळी दहा मिळतात, ते छापून एक प्रत त्याच्या डायरीत आणि एक पाकिटात घालून कार्यालयाच्या तिजोरीत. मुख्य अ‍ॅडमिनही आता दोन आहेत, मी आणि आबा. आबा कधी लॉगिन करत नाहीत, पण उद्या मला ट्रकने उडवलं तर संस्थेला कुलूप लागायला नको.

घरोघरच्या सर्वेक्षणासाठी गूगल फॉर्म वापरून बघितले आणि सोडले, कारण ते इंटरनेटशिवाय भरता येत नाहीत. त्यासाठी कोबो टूलबॉक्स घेतलं. फोनमध्ये फॉर्म आधीच उतरवायचा, पाड्यावर भरायचा, शहाद्याला आलं की पाठवायचा. होळीला ऊसतोडीवरची कुटुंबं गावी आली, त्या आठवड्यात बारा जणांनी यावरच नोंदी केल्या आणि एकही फॉर्म हरवला नाही. मागच्या होळीला कागद होते, आणि त्यातल्या काहींत भजी बांधलेली सापडली होती.

ऑफिसच्या गप्पांसाठी वेगळं चॅट? नाव घेऊ नका. आठवडाभर चाललं, मग सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर परत. आम्ही एवढंच ठरवलं की निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फाइल ड्राइव्हवर. दहापैकी सात वेळा पाळलं जातं. मीटिंगचं रेकॉर्डिंग फुकटच्या योजनेत नाही, म्हणून वृत्तांत हातानेच लिहितो. जे जुन्या पद्धतीचे सचिव आहेत त्यांना यात दुःख नाही.

नानांचं काय झालं? त्यांच्या संगणकासाठी मायक्रोसॉफ्टचं एक लायसन्स सवलतीत घेतलं. लेखापरीक्षकाकडून येणाऱ्या मॅक्रोवाल्या (आत आपोआप चालणाऱ्या सूचना असलेल्या) एक्सेल फाइली दुसरीकडे धड चालत नाहीत, तेव्हा नानांचं म्हणणं खरंच होतं. सवलतीच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा पडतो, आणि आमच्यासारख्या जीएसटी नोंदणी नसलेल्या संस्थेला तो परत मिळत नाही. बजेट मांडताना धरून ठेवा. बाकीच्या संगणकांवर वर्ड-एक्सेलसारखं लिबरऑफिस टाकलं आहे, ते पूर्ण मोफत आणि मेनूही मराठीत. दोन म्हाताऱ्या यंत्रांवरही ते उठतं, चहा होईपर्यंत.

नानांच्या लायसन्सचं नूतनीकरण येत्या जुलैत आहे. त्या आधी उरलेल्या जुन्या फाइलींची हार्ड डिस्क त्यांच्या कपाटातून बाहेर काढायची आहे. किल्ली कुठे ठेवली ते नानांना आठवत नाहीये.