पैसे गॅसचे, गारवा मात्र पाण्याचा

हे बिल डोंबिवलीतल्या एका घरातलं आहे. एप्रिलचा दुसरा आठवडा, दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी, वय तीन वर्षं. तक्रार एवढीच की वीस मिनिटांत गार होणारी खोली आता तासभर घेते, आणि एसीतून हवाच कमी येते. बिलावर चार ओळी आहेत: गॅस चार्जिंग (आर-22 नावाचा गॅस, 2 किलो) 3,200, कपॅसिटर 850, जेट सर्व्हिस 600, कॉइल केमिकल 450. एकूण 5,100 रुपये, यूपीआयने दिलेले. त्या संध्याकाळी एसी झकास गार झाला, त्यामुळे आपण फसलो असं घरात कुणालाच वाटलं नाही. पुढे याच धंद्यातल्या एका नातेवाइकाच्या हाती ते बिल पडलं आणि पहिलीच ओळ वाचून तो हसला.

चार ओळींपैकी खरं काम एकाच ओळीने केलं, ते 600 रुपयांच्या जेट सर्व्हिसने, म्हणजे पाण्याच्या झोताने धुण्याने. बाकीच्या साडेचार हजारांत काय झालं ते सावकाश पाहू, कारण उन्हाळा लागला की हाच खेळ शेकडो घरांत याच क्रमाने होतो.

आधी एक मूळ गोष्ट. एसीतला गॅस वापरून संपत नाही. शेगडीच्या सिलिंडरसारखा तो जळत नाही, गाडीच्या पेट्रोलसारखा उडत नाही. फ्रिजसारखंच बंद नळीतलं चक्र आहे, तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेने जाणार. म्हणून ‘दोन-तीन वर्षं झाली, आता गॅस भरावाच लागतो’ असं सांगणारा माणूस एक तर शिकाऊ आहे किंवा पक्का.

आता गॅस भरण्याचं नाटक कसं होतं ते. आउटडोअरच्या बाजूला पितळी व्हॉल्व्ह असतात दोन. एक बारीक नळीचा, दोन सुती म्हणजे पाव इंची. दुसरा जाड नळीचा, दीड टनात बहुधा चार सुती. जाड नळीच्या व्हॉल्व्हला एक छोटं तोंड असतं, गॅसचा दाब मोजायच्या मीटरचा पाइप तिथे लागतो. पाइप लावल्यावर निळ्या मीटरची सुई काहीतरी दाखवते, ती अजून घरच्यांना दाखवायची नसते. दुरुस्तीला आलेला पोरगा बारीक नळीच्या व्हॉल्व्हची टोपी काढतो, आत अ‍ॅलन की घालतो आणि घड्याळाच्या दिशेने फिरवून व्हॉल्व्ह बंद करतो. कॉम्प्रेसर चालूच असतो. इनडोअरकडे जायची वाट बंद झाल्यामुळे सगळा गॅस आउटडोअरमध्ये खेचला जातो आणि मिनिट-दोन मिनिटांत सुई घसरत शून्यावर येते. एसी काढून दुसरीकडे न्यायचा असला की गॅस वाचवायला हेच करतात, त्याला पंप डाउन म्हणतात. चांगल्या कामाची रीत इथे नाटकाला वापरलेली.

मग हाक येते. ‘काकू, या बघा, गॅस झीरो आहे.’ काकू गॅलरीत येतात, सुई खरंच शून्यावर. ‘आता भरतो.’ पिवळा पाइप सिलिंडरला जोडला जातो, सिलिंडर हलवून हातात तोलला जातो, त्याचा नॉब मात्र उघडत नाही किंवा नावापुरता उघडतो. दुसऱ्या हाताने अ‍ॅलन की उलटी फिरते. अडवलेला गॅस पुन्हा सुटतो, सुई सरसर वर चढते. ‘बघा, फुल!’ काकूंनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे पुढे वाद नाही.

याची सोपी आवृत्तीही आहे. मीटरचा पाइप अर्धवटच आवळायचा, म्हणजे आतली पिन दाबली जात नाही आणि सुई जन्मभर शून्यावर राहते. नंतर दोन आटे आणखी फिरवले की आकडा येतो. आणि सगळ्यात वाईट आवृत्ती म्हणजे खरंच गॅस सोडून द्यायचा. स्क्रू ड्रायव्हरने पिन दाबून फुस्स आवाज काढायचा, ‘हवा गेलीय आत’ म्हणायचं, मग भरायचा. यात निदान गॅस खरा भरला जातो, पण तुमचाच फेकून.

म्हणून सुई दाखवून कुणी काही सिद्ध करू पाहत असेल तर थांबवा. त्यातून इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त होतो, तसा सुईवरचा आकडाही हलतो. एसी बंद असताना तर सुई फक्त तापमान सांगते: 30 अंशाला आर-32 हा गॅस साधारण 265 पीएसआय (दाबाचं माप) दाखवेल, आर-22 हा दुसरा गॅस साधारण 158. नळीत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी आकडा तोच. अर्धा गॅस गेला तरी तोच. तेव्हा ‘बंद एसीतही प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅस फुल’ हेही खोटं.

बिलाकडे परत येऊ. आउटडोअरच्या अंगावर एक पट्टी चिकटवलेली असते. त्या एसीच्या पट्टीवर लिहिलं होतं आर-32, 0.80 किलो. बिलावर आर-22, 2 किलो. आठशे ग्रॅमच्या यंत्रात दोन किलो खरंच गेले असते तर त्या रात्री खोली गार झालीच नसती, प्रेशर वाढून कॉम्प्रेसर ट्रिप होत राहिला असता. आणि आर-32 मध्ये आर-22 मिसळला असता तर ना धड हे राहिलं असतं ना ते. म्हणजे नशिबाने त्यांनी काहीच भरलं नाही. फसवणूक झाली म्हणून यंत्र वाचलं!

मग गार कशामुळे झालं? बिलातच आहे. इनडोअरची कॉइल आणि ब्लोअर तीन वर्षांत पाण्याच्या झोताने एकदाही धुतले नव्हते. घरात जाळी धुतात, पण जाळीच्या मागे पत्र्याच्या बारीक पापुद्र्यांमध्ये धूळ, फोडणीचा तेलकटपणा आणि ओल मिळून काळा थर बसतो. तसाच थर लांबट गोल ब्लोअरच्या पात्यांवर. पाती भरली की ती हवा ढकलतच नाहीत. चालू केल्या क्षणापासून हवा कमी असेल तर ती मळाची खूण आहे. गॅस कमी असला तर सुरुवातीला हवा जोरात येते, नुसती गार नसते. पुढे कॉइलवर बर्फ धरला तर हवा कमी होते, ते वेगळं.

आणि गंमत बघा, मळलेल्या कॉइलवर हवा कमी लागली की सुईही खरोखरच खाली येते. म्हणजे प्रामाणिक पण कच्चा मेकॅनिकही फसतो. म्हणून क्रम ठरलेला हवा: आधी धुणं, मग सुकवून पंधरा-वीस मिनिटं चालवणं, आणि त्यानंतरच गॅसचा विषय. गॅस आधी, धुलाई नंतर, असं कुणी करू लागला की श्रेय कुणाला मिळणार ते ठरलेलंच.

घरच्या घरी तपासायला दोन-तीनशे रुपयांचा काडीचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. धुतल्यावर एसी 16 किंवा 18 वर, पंखा जोरात, दारं बंद. पंधरा मिनिटांनी वरच्या जाळीपाशी आत जाणाऱ्या हवेचं तापमान घ्या, मग खाली झडपांतून बाहेर येणाऱ्या हवेचं. फरक 8 ते 12 अंश असेल तर गॅसबद्दल बोलू नका. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तो 8 च्या आसपासच राहील, कारण बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. तिथे 8 हा आकडा चांगला. नागपूरच्या कोरड्या उन्हात फरक जास्त मिळतो.

गॅस खरंच कमी असेल तर खुणा वेगळ्या दिसतात. आउटडोअरपाशी बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर पांढरं दहिवर धरतं आणि जाड नळी कोरडी, कोमट राहते. चांगल्या एसीत जाड नळी गार असते आणि तिच्यावर पाणी सुटतं. कॉइलचा एकच कोपरा गोठतो, बाकी भाग कोरडा. (पूर्ण कॉइल सारखी गोठली असेल तर पुन्हा जाळी आणि ब्लोअर बघा.) आणि पितळी नटाच्या आसपास तेलकट डाग, त्यावर धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल झिरपतं, म्हणून.

खाडीकाठच्या आणि उघड्या नाल्यालगतच्या इमारतींत मात्र मेकॅनिकवर लगेच संशय घेऊ नये. नाल्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो. नळ्या काळ्या पडतात, सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि वर्ष-दीड वर्षात कॉइल गळू लागते. तिथे डाग देऊन भागत नाही, कॉइल बदलावी लागते, आणि नवी घेताना वर संरक्षक लेप असलेली मागावी.

गळती असेल तर काम असं होतं. नळीत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने प्रत्येक सांधा तपासायचा. ऑक्सिजन चुकूनही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी तो गाठ पडला की स्फोट होतो. गळती नटापाशी असेल तर फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरट केलेलं टोक, कापून नवा करायचा, नुसता पाना मारून आवळायचा नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून निदान अर्धा तास हवा आणि ओल खेचायची, पंप बंद करून सुई जागेवर टिकते का ते दहा मिनिटं बघायचं. पंपच आणला नसेल आणि ‘गॅसनेच हवा काढून टाकतो’ म्हणत असेल तर काम तिथेच थांबवा. शेवटी वजनकाटा: सिलिंडर काट्यावर ठेवूनच गॅस भरायचा. पट्टीवर 0.80 किलो असेल तर काट्यावर 800 ग्रॅमच कमी झाले पाहिजेत. नळी कंपनीच्या ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे थोडे ग्रॅम वाढतात, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. एवढ्या सगळ्याला दोन तास लागतात. वीस मिनिटांत ‘गॅस फुल’ झाला, म्हणजे यातलं काहीच झालेलं नाही.

काट्याची मागणी फोनवरच करा. ‘वजन करून भरणार ना?’ एवढं विचारलं की अर्धे लोक येतच नाहीत.

कपॅसिटरची ओळ तर विनोदीच. जुन्या, एकाच वेगाच्या दीड टनी एसीत कॉम्प्रेसरला 35 ते 50 मायक्रोफॅरॅडचा रनिंग कपॅसिटर असतो आणि तो फुगतो, खराब होतो, हे खरं. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर पीसीबीवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावरून चालतो, त्याला तसा कपॅसिटर नसतोच. त्या घरात ‘हा जुना बघा’ म्हणून एक फुगलेला पांढरा डबा काढून दाखवला होता. तो खिशातून आला आणि खिशातच परत गेला. बदललेला प्रत्येक जुना भाग घरी ठेवून घ्यायचा हा नियम केला तर हा डबा पुढच्या घरी फिरणार नाही. पीसीबीचंही तेच. ‘वर्कशॉपला नेतो’ म्हणाले तर आधी दोन्ही बाजूंचे फोटो आणि सिरीयल नंबर घ्या, आणि वॉरंटी कार्ड उघडा. बऱ्याच इन्व्हर्टर एसींत पीसीबीची वॉरंटी पाच वर्षं आणि कॉम्प्रेसरची दहा वर्षं असते, हे विसरून लोक रोख पैसे मोजतात.

केमिकलची बाटली 450 ला, त्यावर काय बोलणार. साध्या धुळीला पाणी पुरतं.

या सगळ्यात वीजबिलाचं काय होतं ते कुणी सांगत नाही. इन्व्हर्टरची बचत खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर मंद होण्यात आहे. कॉइल मळलेली असेल किंवा गॅस कमी असेल तर ठरवलेलं तापमान येतच नाही, कॉम्प्रेसर मंदच होत नाही, आणि फाइव्ह स्टारचं स्टिकर भिंतीवरची शोभा होऊन बसतं. उगाच जास्त भरला तरी तेच: आउटडोअरकडचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट 1,600 तासांच्या वापराचे असतात आणि ते धुतलेल्या, नेमका गॅस भरलेल्या यंत्राचे.

नंबर कुठून घेतला हाही मुद्दा आहे. त्या घरात इंटरनेटवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ टाकून जो पहिला नंबर आला तो फिरवला होता. कंपनीने नंतर सांगितलं, नंबर आमचा नाही. यूपीआयवरही कंपनीचं नाव नव्हतं, एका माणसाचं होतं. खरा नंबर वॉरंटी कार्डवर किंवा यंत्राच्या पट्टीवर असतो.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. खोट्या कस्टमर केअरला ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच, पहिल्या काही तासांतच. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षं. सोबत बिल, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि आउटडोअरच्या पट्टीचा जवळून काढलेला फोटो जोडा. पट्टीवर आर-32 आणि बिलावर आर-22, एवढं शेजारी शेजारी ठेवलं की एसीतलं काहीही न कळणाऱ्यालाही पुढचं सांगावं लागत नाही.