आजोबांच्या देवीच्या वणांसकट फोटो हवा होता (जुना फोटो रिपेअर, ४ स्टार)

आजीआजोबांच्या लग्नाचा घरात एकच फोटो आहे, १९५८चा, स्टुडिओत जाऊन काढलेला, आजोबा खुर्चीत ताठ आणि आजी नऊवारी नि नथीत बाजूला उभी. त्याला पानशेतचं पाणी लागलंय. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि आमची पुण्यातली, शनिवार पेठेतली तळमजल्याची खोली आख्खी पाण्यात. आजी तान्ह्या काकाला उचलून पर्वतीकडे पळाली. नंतर चिखल उपसताना फ्रेमसकट हा फोटो सापडला. भांडी गेली, शालू गेला, हा राहिला. आजी अजून म्हणते त्यापेक्षा तांब्याचा बंब सापडला असता तर!

तर फोटो काचेला चिकटलेला. आधी दोन ठिकाणी विचारलं, दोघंही म्हणाले काच काढावी लागेल, बघू. इथल्या दुकानवाल्या काकांनी नुसता उजेडात तिरका धरून बघितला आणि म्हणाले हात लावू नका, फोटोवर जिलेटिनचा थर असतो तो भिजला की फुगतो आणि वाळताना काच धरून बसतो, ओढलंत तर चेहरे काचेवर आणि कोरा कागद हातात. मग काचेसकटच, दोन्हीकडून तिरके लाईट लावून कॅमेऱ्याने काढला आणि ओरिजिनल लगेच परत दिला. इथे फुल मार्क.

प्रूफ आलं व्हॉट्सअॅपवर आणि घोळ झाला. एआयवर टाकलेलं सरळ कळत होतं, नथीचे मोती वितळून एक गोळा आणि आजोबांचे गाल एकदम साबणाच्या जाहिरातीसारखे. आजी पंच्याऐंशीची, मोबाईल डोळ्याजवळ नेला, लांब धरला, म्हणाली, "हे आमचे हे नव्हेत." आजोबांच्या तोंडावर देवीचे वण होते. लग्न ठरताना तिच्या आईला त्याचंच वाईट वाटत होतं आणि ही म्हणालेली, असू देत की, एकदा येऊन गेल्यात म्हणजे परत तरी यायच्या नाहीत!

दुकानातला पोरगा म्हणतो लोकांना असंच क्लीन आवडतं. शेवटी काकांनी स्वतः कॉम्प्युटरवर बसून हाताने केलं, मी शेजारी स्टुलावर, पाऊण तास नुसते दोन गाल. डाव्या भुवईखालचा खोल वण मी म्हटलं डाग असेल, आजीला फोन लावला तर म्हणाली तो वणच आहे, ठेव.

तीन दिवस सांगून बारा लागले, १८०० रुपये झाले, १० बाय १२ची प्रिंट धरून. रंगीत करून देऊ का विचारत होते, आजी नको म्हणाली, शालू कुठल्या रंगाचा होता ते त्यांना काय माहीत.

टाकणार असाल तर "चेहरे हाताने" असं पावतीवर आधीच लिहून घ्या.