सेरेंगेटी कॅम्पिंग सफारी: प्राणी एक नंबर, एजंटचा व्हिडिओ मात्र विसरा

जुलैत आम्ही चौघं टांझानियाला जाऊन आलो, सहा रात्री तंबूत, बुकिंग इथल्याच नाशिकच्या एका एजंटकडून. त्याने ऑफिसात सेरेंगेटीच्या उत्तरेकडची मारा नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टच्या (गायीएवढी आफ्रिकन हरणं) कळपांचा व्हिडिओ दाखवला, मगरी बिगरी सगळं, आणि आम्ही तिथल्या तिथे ॲडव्हान्स देऊन मोकळे. कॅम्प निघाला सेरोनेराला, म्हणजे पार्कच्या मधोमध, आणि जुलैत कळप पश्चिमेला-उत्तरेला सरकलेले असतात हे सांगितलं तिथल्या ड्रायव्हर-गाईडने. पहिल्याच दिवशी म्हणाला, क्रॉसिंग विसरा, सिंह बघा. त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्या महिन्यात कळप कुठे असतात आणि तुमचा कॅम्प कुठे, हे नकाशावर बोट ठेवून विचारा.

सिंह मात्र पोटभर बघितले. एक बिबट्या फांदीवर चारही पाय खाली सोडून झोपलेला, खाली गाड्यांची रांग, आणि आमचा मेव्हणा निफाडचा, तो म्हणतो याच्यासाठी एवढा खर्च केला होय, आमच्या उसात यायचं की.

खरी मजा रात्री. कॅम्पला कुंपण नाही, तरस अगदी जवळून ऊऽऽप करतं, मग लांबून सिंह, मग बायको तिसऱ्यांदा विचारते चेन नीट लावली ना. टॉयलेटला जायचं तर आधी टॉर्च गोल फिरवायचा, डोळे चमकले की गपचूप परत आत. लॉजमध्ये हे नाही मिळणार, म्हणून तंबूच घ्या.

पुढे गोरोंगोरोला, सिम्बा कॅम्पसाईट तिथल्या जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर आहे, दोन हजार मीटरच्या वर. एजंट म्हणाला होता आफ्रिकेत कसली थंडी, आम्ही होते तेवढे सगळे कपडे एकावर एक घालून झोपलो. सकाळी 600 मीटर खाली उतरलो, काळा गेंडा दिसला पण दुर्बिणीत ठिपक्याएवढा.

कुक भारी होता, शाकाहारी म्हटल्यावर रोज चपाती, आणि स्वाहिलीतही चपातीला चपाती अन चहाला चायच म्हणतात.

गाईड-कुकला पाच स्टार, एजंटला दोन. आणि यलो फीवरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या, लसीचं ते पिवळं कार्ड मुंबईत परत उतरल्यावरही मागतात, मेव्हण्याचं बॅगेच्या तळाशी ओल्या मोज्यांखाली सापडलं.